बोंडल्यातला चीक

खरवस शिजत आल्याचा गोड वास आला की मला कडेगावच्या घरातलं, तान्ह्यांना दूध पाजायचं आमचं पितळी बोंडलं आठवतं. चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी होती. मी सांगलीला कॉलेजात शिकत होते. माझं शिक्षण थांबू नये म्हणून गोठ्यातली माझी कामं वहिनी करायची. दादा पलटणीत होता, आणि वहिनी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. कापसात गुंडाळलेलं पोर ओंजळीत मावत होतं. दूध ओढायची ताकद त्याच्यात नव्हती. आई गुळाचं पाणी पाजायची, ते ओठांवरून ओघळून जायचं. दवाखान्यातली नर्स सांगून गेली होती, बाळाच्या आईचंच दूध काढून थेंब थेंब द्या. पण पहिला चीक पिळून टाकायची आमच्याकडे रीत. "तीन दिस जाऊ देत," आई म्हणाली, "जड असतोय त्यो." पोराचं रडणंही आता ऐकू येईना. तशी कधी सासूला उलट न बोलणारी वहिनी उठून बसली. "आवं आत्या, रेडकाला आदी चीकच पाजताय न्हवं? मग तुमचा नातू रेडकापरास उणा हाय व्हय?" आई चुलीकडं गेली. उकळत्या पाण्यानं बोंडलं धुऊन तिनं वहिनीपुढं धरलं. पहिला थेंब ओघळला, दुसराही. तिसऱ्याला तो इवलासा गळा हलला. "गिळलं गं!" आई ओरडली. "आता रडतीस काय, पीळ आणखी!" तो भाचा आता पन्नाशीला आलाय. परवा म्हैस व्याल्यावर माझ्यासाठी खरवस घेऊन आला, आणि माझ्यासोबत तोही खात असताना मी त्याच्या गळ्याकडेच बघत बसले.