शेळीला सांगितलेला बोल्ट

डिझेलचा वास आला की मला सासरचं अंगण आठवतं. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता आणि ऊस ओढणारा आमचा ट्रक इंजिन उघडून दारात उभा होता. इंजिनावरचं जड लोखंडी हेड काही केल्या निघत नव्हतं. ह्यांनी फटीत पहार घालून बघितली, मग सासऱ्यांनी घण उचलला. हे म्हणाले, "आबा, तडकलं तर हंगाम गेला की!" सासरे म्हणाले, "सर बाजूला. एका घावात निघतंय." मी कडेला बसून काढलेले बोल्ट डिझेलमध्ये धूत होते आणि त्यांच्या जागा चुकू नयेत म्हणून पुठ्ठ्याला हेडवरच्या रांगांप्रमाणे भोकं पाडून त्यांत खोचत होते. एक भोक रिकामंच राहिलं होतं. म्हणजे एक बोल्ट अजून इंजिनातच होता. पण सासऱ्यांसमोर मी तोंड उघडत नसे. घण वर गेला, तशी मी जवळ बांधलेल्या शेळीला म्हणाले, "अगं ए, एक बोल्ट आतच हाय की!" घण थांबला. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता शेळीलाच विचारलं, "कुटं गं?" मी शेळीला सांगितलं, "मागल्या कोपऱ्यात, काळ्या राडीखाली." तो बोल्ट निघाला आणि पहारीच्या एका हिसक्यात हेड सुटलं. आता मी सासऱ्यांशी बोलते. तरी ट्रकचं काही अडलं की ते ह्यांना म्हणतात, "आधी शेळीला इचार." शेळी कधीच विकली, म्हणून मीच हात पुसत बाहेर जाते.