बाबांचा पिंजरा

पुतळ्यांची काळजी घ्यायची आपली रीत मला कधी पटली नाही. जयंतीला हार, पुढाऱ्याचं भाषण आणि उरलेलं वर्षभर कोणी ढुंकून बघत नाही. आमच्या गावात तर पुतळ्याला चक्क कुलूप होतं.

केडगावच्या अलीकडं आमचं गाव. वस्तीच्या तोंडाशी चौथऱ्यावर बाबांचा पुतळा. कोट सिमेंटचा, चष्मा मात्र खऱ्या काचांचा. बाबा कोण, हे सांगायची गरज नाही. माझी आत्या दर रविवारी चौथऱ्यावर चढून, टाचा उंचावून, पदराने तो चष्मा पुसायची. मग कुठंतरी लांब एका पुतळ्याची विटंबना झाली, वरून हुकूम आला आणि आमच्या पुतळ्याभोवती लोखंडी गजांचा पिंजरा उभा राहिला. किल्ली पंचायतीत. जयंतीला पाहुणे हार घालेपर्यंत उघडायचा, की पुन्हा बंद.

आत्याला ते सोसेना. काठीला फडकं बांधून ती गजांतून चष्म्यापर्यंत पोचायला बघायची. काठी बाबांच्या कानाला लागली की हात जोडून माफी मागायची. काचा मातकट होत गेल्या.

"बाबांना दिसत न्हाई रे," ती मला म्हणायची. माझं डोकं फिरायचं. कुरकुंभला वर्कशॉपात मी दिवसभर लोखंड कापतो आणि नेमक्या याच गजांना हात लावायची सोय नव्हती.

यंदा जयंतीच्या आधी ग्रामसभेत आत्यानेच विषय काढला. फौजदारही आले होते. सरपंच म्हणाले, "काढू की पिंजरा. पण उद्या काय झालं तर जबाबदारी कुणाची?"

 

आत्या उठली. "साहेब, कोंडत्यात ते गुन्हेगाराला. आमच्या बाबांनी काय गुन्हा केलाय?"

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मावशी, तुमचं खरं आहे. पण राखण कोण करणार?"

तेव्हा मागून वरच्या आळीतले आप्पा उठले. झेंडूचे बागायतदार. पुतळ्यासमोरच त्यांचं घर. दर जयंतीला ते पाट्या भरून फुलं पाठवायचे, पण स्वतः चौथऱ्यापाशी कधी आले नव्हते.

"म्या वट्ट्यावरच निजतो," ते म्हणाले. "ह्या वयात झोप तरी कुठं लागतीया. जबाबदारी माझ्या नावावर लिवा."

मग एकेक हात वर होत गेला आणि शेवटी सरपंचांचाही झाला.

दुसऱ्या दिवशी मी गॅस कटर आणला. ठिणगी उडू नये म्हणून बाबांवर ओली पोती टाकली आणि गज कापायला लागलो. इतका आनंद मला कुठल्याच कामात झालेला नाही. कुलूप आत्याने मागून घेतलं आणि घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. "कोंडायचंच तर ह्यांना कोंडा," म्हणाली. कापलेल्या गजांची मी एक मजबूत शिडी केली, कारण आता तिला टाचा उंचावणं जमत नव्हतं.

जयंतीला पहिला मान तिचा. हलगी वाजत होती, सगळी वस्ती चौथऱ्याभोवती. "शिडी धर नीट, वर काय बघतोस," असं मला दटावत ती चढली आणि तिने दोन्ही काचा लख्ख पुसल्या. मी रडलो, आणि ते लपवलंही नाही.

गेल्या रविवारी तिचे गुडघे धरले. शिडीपाशी येऊन ती नुसतीच उभी राहिली. मी पुढं होणार, तोच समोरच्या ओट्यावरून आप्पा उतरले. चपला खाली काढल्या, खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं आणि शिडी चढले.

"डावी काच राह्यली," आत्या खालून म्हणाली.

"पुसतो, बाई," आप्पा म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.