गजर बंद केला त्याची गोष्ट

मंगळवार, ९ जून. सकाळी माझ्या गोळीचा गजर वाजला तेव्हा मी न्हाणीघरात होते. तो बंद करायला सूनबाई धावली आणि दूध उतू गेले. आज तिला ऑफिसात साहेबांना जाब द्यायचा होता.

सूनबाई प्रोग्राम लिहिते. तिचा प्रोग्राम लांबलांबच्या दवाखान्यांतून एक्स-रे मोठ्या रुग्णालयात आणतो, तेही एकदम अनेक ठिकाणांहून. पण महिनाभर तो मधेच कोलमडत होता. आज कारण सापडले नाही तर साहेब तो मोडीत काढणार होते. मग पुन्हा एकेका दवाखान्याची पाळी, आणि ताटकळणारे रोगी.

ओटा पुसता पुसता ती थबकली. "आई, गजर तुमचा आणि धावले मी!"

"मग कानात बोळे घालून बसायचं होतंस," मी म्हणाले.

"अहो, तिकडेही हेच होतंय!"

चित्रे आणायला ती एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग, वापरी. दवाखान्याचा नेटवरचा पत्ता वेळेत सापडला नाही, की ती लायब्ररी गजर वाजवी. त्याला सिग्नल म्हणतात. एकटे काम असेल तर ठीक. पण इथे एकाच प्रोग्रामात अनेक कामे शेजारी शेजारी चालत. गजर भलत्याच्याच कानी पडे, ते हातातले टाकून पळे आणि सगळा डोलारा कोसळे.

ऑफिसात जाऊन तिने एक ओळ घातली: सिग्नल बंद. दिवसभर प्रोग्राम निमूट चालला.

"एका ओळीसाठी महिनाभर आमचा जीव टांगणीला?" साहेब हसले.

दुसऱ्या कोणी इथेच हात झटकले असते. ती म्हणाली, "थांबा साहेब. आता पत्ता मिळालाच नाही, तर ते काम बसून राहील. त्याला उठवणारं कोणी नाही."

"म्हणजे गजर पुन्हा लावायचा?"

"छे! पत्ते शोधायला वेगळा गडी ठेवायचा. बाकीच्यांनी आपापल्या मनगटावरचं घड्याळ बघून त्याची वाट पाहायची. लायब्ररी तशी नव्याने बांधून घेते. दोन दिवस द्या."

"घे. प्रोग्राम राहतोय," साहेब म्हणाले.

घरी येऊन चपलाही न काढता तिने हे सगळे मला सांगितले. साहेबांच्या हसण्याची नक्कलसुद्धा केली.

संध्याकाळी मी गोळीचा गजर बंद करून टाकला. यजमानांचे मनगटी घड्याळ कपाटातून काढले, किल्ली देऊन हातात घातले. उद्या अर्धा लिटर दूध जास्त सांगितले आहे.