आमच्या भिंतीवरची कंपनी

कनेरगाव नाक्यावर रस्त्याला लागून आमचं घर. दर एप्रिलात जयंतीच्या आधी बाबा रस्त्याकडच्या भिंतीला चुना मारायचे आणि मधोमध निळं चक्र काढायचे. ते कधीच गोल आलं नाही; एका वर्षी तर पार वांग्यासारखं झालं होतं. पण गाव त्यावरूनच आमचं घर ओळखायचं.

मी एका मोठ्या बियाणे कंपनीत फिरतीवर होतो. कंपनीत म्हणजे काय, नेमणूक एजन्सीची, टोपी तेवढी कंपनीची. साहेब एकदा म्हणाले होते, "तुझं पर्मनंटचं बघतो." तेवढ्यावर मी कैक हंगाम काढले. त्याच भरात डोक्यात आलं, आपली भिंतच कंपनीला द्यावी. कुणी मागितली नव्हती. पेंटरला बजावलं, "भारीतला ऑइलपेंट मार, वर्षानुवर्षं हलला न्हाई पाहिजे." भिंत पिवळीजर्द झाली, वर हातभर अक्षरांत 'भरघोस पिकाची खात्री'. फोटो पाहून साहेबांनी अंगठा पाठवला. तो अंगठा मी बायकोला, आईला, अगदी चहावाल्यालाही दाखवला.

एप्रिल आला. बाबांनी कुंचला फिरवला, तर चुना ओघळून खाली.

"धरून नाही राहिला रे चुना."

"पर्मनंट झालो की खरवडून देतो, बाबा."

"तुह्या सायबाला तुहं नाव तरी ठावं हाय का?"

"व्हय तर!" मी म्हणालो. साहेब मला 'हिंगोली' म्हणायचे. "हिंगोली, स्टॉक किती?"

पुढच्या एप्रिलातही मी 'पर्मनंट झालो की' हेच उत्तर दिलं. त्याच्या पुढचा एप्रिल बाबांना लाभला नाही, फेब्रुवारीतच गेले.

रजा मागितली. साहेबांचा मेसेज आला, "फोटो टाक. सगळे हेच कारण देतात."

ओट्यावर पांढऱ्या कपड्यात बाबा, मागं पिवळी भिंत. फोटो काढताना, खरं सांगतो, मी दोन पावलं मागं सरकलो. जाहिरात पूर्ण यावी म्हणून. सवय.

साहेबांनी जोडलेले हात पाठवले. खाली लिहिलं, "हिंगोली, भिंत फिकी दिसते. सीझनआधी रंग मारून घे."

आत बाया रडत होत्या. मी दारात उभं राहून टाइप केलं, "होय सर."

पेरणीच्या तोंडावर एजन्सी बदलली आणि माझी टोपी गेली. साहेबांना फोन लावला, उचलला नाही. भिंतीवर मात्र कंपनी पर्मनंट.

यंदा जयंतीआधी पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडायला बसलो. रंग निघेना, गिलावाच निघू लागला. शेजारचे काका जाता जाता थांबले. "काहून पाडून राहिला रे कंपनी?"

मी हसलो. आई बाहेर आली, ढासळलेल्या गिलाव्याकडं बघत राहिली.

"आता चक्र कशावर काढतो?"