नांदतील तेवढेच मासे

गिऱ्हाइकाने काचेवर बोट ठेवून "हा द्या" म्हटलं, की तो हातातली जाळी परत खिळ्याला अडकवायचा. मग खांद्यावरच्या टॉवेलने बोटाचा डाग पुसायचा आणि विचारायचा, "नळाला पानी कधी आलतं?"

काही दुकानदार न विकण्यासाठीच दुकान उघडतात. तुम्हीही एखादा पाहिला असेलच. पण हा त्या सगळ्यांचा गुरू शोभला असता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटात, त्याचं रंगीत माशांचं दुकान होतं. आधी तोही मागावरच होता. घरचे तेलुगू बोलणारे. आमच्याशी मात्र अस्सल सोलापुरी बोलायचा, आणि माशांशी त्याहून अस्सल. "सरक की बे, मागच्याला खाऊ दे!" असं तो काचेतल्या एखाद्या दांडगटाला दटावायचा. गिऱ्हाइकांना मात्र अक्का आणि अण्णा.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यात जंतू मारायचं औषध असतं, ते उडून जायला पाणी उघड्या पिंपात दोन दिवस तरी ठेवल्याशिवाय माशांना चालत नाही. म्हणून तो प्रश्न. "काल आलं" म्हटलं, की "मग परवा या." परवा गेलं, की पुढचा प्रश्न तयार.

"घरात आधी कोन कोन हाय?"

"मी, नवरा, मुलगी, सासू," मी म्हणाले.

"माशांचं इचारलं, अक्का."

तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आज नातवंडं अंगाखांद्यावर खेळवताना ती बाई आठवली, की मागून जाऊन तिचा अंबाडा ओढावासा वाटतो.

मासे आणायचं कारण वेगळंच होतं. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या. आमचं दोघींचं चोवीस वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. मीठ कमी पडलं इथपासून सुरू व्हायचं ते माझ्या माहेरच्या विहिरीपर्यंत जायचं. पण पडल्यापासून त्या भांडायच्याच थांबल्या. भिंतीकडे तोंड करून निजायच्या. आमटीत मी मुद्दाम मीठ घातलं नाही, तरी शब्द नाही. दोन घास खाऊन ताट सरकवायचं, की पुन्हा भिंत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांपुढे काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही लावला तर म्हणाल्या, "बंद कर ते." नवऱ्याने कुणाची तरी जुनी काचेची टाकी आणून लोखंडी स्टँडवर बसवली आणि मासे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी काय केलं असेल? पडद्याला शोभतील असे मासे शोधायला गेले! आत्यांच्या खोलीत लाल-नारिंगी पडदे होते. मी त्याला म्हणाले, "अण्णा, तो लाल शेपटीचा फायटर द्या, आणि हे पट्ट्यापट्ट्यांचे चार टायगर."

"न्हाई जमत."

"का?"

"एका पान्यात न्हाई नांदत. टायगर त्येची शेपूट कुरतडनार."

"मी लक्ष ठेवीन की."

"तुमी पान्यात ऱ्हानार का?"

मग मी छोटे निळे चमकणारे टेट्रा मागितले. ते म्हणे आमच्या जड पाण्यात टिकत नाहीत. गोल्डफिश मागितले, तर ते फार घाण करतात आणि त्यांना थंडावा लागतो. "पडद्याला लाल-नारिंगीच शोभेल हो," मी कळवळून म्हणाले.

"मग पडदं बदला," तो म्हणाला आणि काचेतल्या एका मोली माशाला ओरडायला वळला.

मी तणतणत बाहेर पडले. एवढा पत्रिका जुळवणारा माणूस मी लग्नाच्या बाजारातही पाहिला नव्हता. आठवडी बाजारात एक गाडीवाला पिशव्यांतून मासे विकतो, त्याच्याकडून फायटर आणि चार टायगर घेतले. त्याने काही विचारलं नाही. माणूस कसा सुटसुटीत असावा, असंही मी वाटेत स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर पिंपात नेहमीप्रमाणे तुरटी फिरवली, टाकी भांड्याच्या घासणीने लख्ख केली, निळे-तांबडे खडे पसरले आणि पाचही जण सोडले. आत्यांनी मान वळवली नाही.

चौथ्या दिवशी फायटरची शेपूट आपल्या सोलापुरी चादरीच्या दशांसारखी झाली होती. तो कोपऱ्यात श्वास मोजत उभा, आणि चार टायगर गस्त घालत होते. मी त्याला लोणच्याच्या बरणीत घातलं, पदराखाली धरलं आणि गेले दुकानात.

"शेजारणीचा आहे," मी म्हणाले.

त्याने बरणी उजेडाकडे धरली. फिरवून पाहिली. "शेजारनीनं तुरटी बी फिरवली वाटतं?"

"फिरवली असेल बाई."

"आनि टाकी घासली?"

"तिला स्वच्छतेची फार आवड आहे."

"हां. तुरटी नि घासनीचा साबन माशाला बाधतं. शेजारनीला सांगा, ह्यो हितंच ऱ्हाईल. आनि टाकी बघितल्याबिगर आता एक बी मासा देनार न्हाई. कुटं ऱ्हाते ती?"

पत्ता सांगावाच लागला. माझाच.

रविवारी दुपारी तो आला. टाकीकडे बघितलं, मान हलवली. मी चहा ठेवायला गेले. परत येऊन बघते तर हा माणूस आमच्या फरशीवर आडवा! आत्यांच्या पलंगाशेजारी, कोपरावर डोकं टेकून, टाकीकडे टक लावून पडला होता. मला वाटलं चक्कर आली. "अहो अण्णा!" मी ओरडले.

"थांबा की," तो म्हणाला. "ह्या अव्वा निजल्यात तितनं काय दिसतं ते बघतोय."

आणि मग उठून, गुडघे झटकून, एखाद्या मूर्ख पोरीला सांगावं तसं त्याने मला सांगितलं. काही मासे वरच्या पाण्यात राहतात, काही मधल्या, काही तळाला. टाकी चांगली उंच, पलंग खाली. आत्यांनी मान वळवलीच, तर त्यांना तळाची वीतभर पट्टी दिसत होती. माझा पडद्याशी जुळणारा सगळा थाट वर चालला होता, माझ्या डोळ्यांपुढे. त्यांच्या वाट्याला फक्त निळे-तांबडे खडे.

"तुमी बसवलेली टाकी उभ्या मानसाची हाय," तो म्हणाला. "बघनारं मानूस बी त्याच पान्यात धरायचं असतं, अक्का."

मला इतका राग आला म्हणून सांगू! चूक दाखवणाऱ्याचा येतो त्यापेक्षा, चूक बरोबर दाखवणाऱ्याचा राग जास्त येतो.

टायगर तो घेऊन गेला. खडे काढायला लावले, कारण तळाला तोंड घासत फिरणाऱ्या माशांच्या मिशा त्यावर झिजतात. त्याने पाठवलेली वाळू मी सात पाण्यांनी धुतली. नळाला पाणी येऊन दोन दिवस झाल्यावर त्याने सहा कोरी, म्हणजे तळाला राहणारे मासे, आणून सोडले. मातकट रंग, बोटाच्या दोन पेरांएवढे, ओठांवर मिशा. एकही पडद्याला शोभणारा नाही. "सहाच का?" म्हटलं. "एकट्यादुकट्यानं भितं ते," म्हणाला. ते सहा जण तळाच्या वाळूत तोंड खुपसत असे निघाले, जसे हरवलेली अंगठी शोधायला घरातले सगळे वाकावेत.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी दूध घेऊन गेले, तर आत्यांचं तोंड टाकीकडे.

"अगं," त्या म्हणाल्या, "त्या बारक्यानं मला डोळा मारला."

"माशांना पापण्या नसतात, आत्या."

"तुला काय म्हाईत? मला मारला. तुला कोन मारंल?"

कोरी खरंच डोळा फिरवतात, हे मला त्याने नंतर सांगितलं. तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता, कारण पाठोपाठ ऐकू आलं, "आनि दुधात साकर घालायला तुज्या आईनं शिकवलं न्हाई का?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि फडताळाला टेकून रडले. मग साखर जास्तीची घातली, म्हणजे संध्याकाळी त्यांना पुन्हा बोलता येईल.

पुढची तीन वर्षं आमच्या घरात नीट भांडणं झाली. आत्यांनी सहाही माशांना नावं दिली, त्यातला सगळ्यात खादाड होता त्याला माझं. तो दुकानदार महिन्यातून एकदा येऊन टाकी बघायचा. आल्यावर आत्यांशी गप्पा, मला "अक्का, च्या." जाताना माझ्या चुका मोजून दाखवायचा. आणि कधीतरी हळूच, "शेजारीन बरी हाय का?"

आत्या गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. त्या गडबडीत दोन कोरीही गेले होते. उरलेले चार वाळूत बिचकून बसायचे. महिन्याभराने मी दुकानात गेले. "दोन द्या," म्हटलं.

त्याने आधी आत्यांच्या नावाने हात जोडले. मग म्हणाला, "आता बघनारं कोन?"

"मी."

"तुमी बसता कुटं?"

मी मनातल्या मनात सगळं घर फिरून आले. ओट्यापाशी मी उभी असते. नळाशी वाकलेली असते. जेवायला बसते ती सगळ्यांची पानं झाल्यावर, उठायच्या तयारीत. सत्तावीस वर्षं मी त्या घरात होते आणि माझी बसायची जागा मला सांगता येईना.

"कुठेही बसेन," मी म्हणाले.

"तसं न्हाई चालत. जागा ठरवा, मग या. त्येच्यापरमानं मासं देतो."

मोकळ्या हाताने परत धाडलं मला! वाटभर मी त्याला शिव्या घातल्या. पण घरी आल्यावर प्रत्येक खोलीत उभी राहून बघू लागले, इथे बसते का मी? इथे? शेवटी दीड महिन्याने, नवरा "कशाला उगीच" म्हणत असताना, वेताची एक खुर्ची आणली. पलंग काढला होता तिथे, खिडकीशी ठेवली. रोज दुपारी तासभर बसायचं ठरवलं. पहिले आठ दिवस तर चोरी केल्यासारखं वाटायचं. पण बसले. तिथून टाकीतलं मधलं पाणी नीट समोर येत होतं, आणि तिथे कोणीच नव्हतं.

हे सांगायला गेले, तर शटर बंद.

शेजारच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "अण्णा गेलं की वो. भिवंडीला, लेकीकडं. दम लागायचा फार."

"आणि मासे?"

"एकेकाचं घर बघून आलं आनि दिलं. शेवटचं दोन तर राहिलंच होतं, कुनाला देईनात. कुनीतरी यायचंय म्हनायचं. मग निगायच्या दिवशी सोबत घिऊन गेलं, डब्यात."

फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे तरी कुठे होता? तीन वर्षांत कधी विचारला नाही; हा माणूस टळला तर बरं, असंच मला वाटत असे.

आता बघा, माणसाने एखाद्याला असा प्रश्न विचारावा, दीड महिना छळावं, आणि उत्तर ऐकायला थांबू नये, याला काय म्हणायचं? मी त्या शटरसमोर उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, "खिडकीपाशी बसते. दुपारी. मधलं पाणी दिसतं."

शिवणकामवाल्या बाईंनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं.