आमच्या जिन्यातला वीजबचतीचा धडाका

विजेचं बिल दोन महिन्यांतून एकदा येतं, पण त्याच्यावरून घडणारे किस्से आठवड्याला दोन. मी ते कधी जमवायला गेलो नाही. बेर्शेबाच्या इस्पितळात मी इलेक्ट्रिशियन, त्यामुळे इमारतीतलं प्रत्येक बटण शेवटी माझ्याच गळ्यात येतं!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या जिन्यात मुंबईहून इथे येऊन राहिलेली तीन ज्यू घरं होती. मी आणि माझी बायको लीना, वरच्या मजल्यावर पेणकर अंकल-आंटी आणि आमच्यासमोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या रूथमावशी. मावशींचं बिल दूर हैफा शहरात त्यांच्या मुलाकडे, एलीकडे जायचं. बिल आलं की एलीचा फोन ठरलेला. आईला तो हिब्रूत 'इमा' म्हणायचा. "इमा, एका माणसाला एवढी वीज? घर विकून टाक आणि इकडे ये."

मावशींना बेर्शेबा सोडायचं नव्हतं. फोन ठेवला की त्या दिवसभर गप्प असायच्या. ते आम्हाला बघवेना. मग आम्ही तिन्ही घरांनी वीज वाचवायचा चंगच बांधला.

*

पहिली स्वारी पेणकर अंकलवर. आमच्या गच्चीवर प्रत्येकाची उन्हावर तापणारी पाण्याची टाकी. उन्हाळ्यात तिचं पाणी फुकटात उकळतं, तरी अंकल आंघोळीआधी तासभर टाकीतल्या विजेच्या बॉयलरचं बटण दाबून ठेवायचे.

"अंकल, ऊन आहे ना, बटण कशाला?"

"उन्हाच्या पाण्याने सर्दी होते, सॅम. मला शिकवू नकोस."

मी आंटींना विचारून गच्चीवरची बॉयलरची तार सोडवली. बटणाचा लाल दिवा तेवढा चालू ठेवला. पंधरा दिवसांनी अंकल जिन्यात भेटले, चेहरा एकदम खुललेला. "तू काहीही म्हण, बटण दाबल्यावर जे पाणी येतं ना, त्याची मजा वेगळी!"

ती तार मी थेट थंडीत जोडली. अंकलना अजून पत्ता नाही.

*

आमच्या घरची बचत लीनाने हातात घेतली. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत, आम्ही बटणाला हात लावत नाही, दिवे टायमरच्या घड्याळावर लावलेले असतात, आपोआप विझतात. लीनाने गुपचूप ते घड्याळ तासभर अलीकडे ओढलं. नेमकं त्या शुक्रवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते.

नारळाच्या दुधातली मासळीची आमटी पानात पडली आणि फट्, दिवे गेले. शब्बाथच्या मेणबत्त्याही तोवर विझलेल्या. आता दिवा लावायचा कुणी? काटेरी मासळी आणि मिट्ट काळोख. मला हसू आवरत नव्हतं.

अंकलचा आवाज आला, "जेवा निवांत. कुणी कुणाच्या पानातली तुकडी घेतली, ते शब्बाथ संपल्यावर बघू."

माझी तुकडी तोवर गेली होती.

*

रूथमावशींनी तर टीव्हीच बंद करून टाकला. आमच्याकडे हिंदी पिक्चर लागला की त्या आपल्या गॅलरीत खुर्ची टाकून आमच्या खिडकीतून बघत.

एकदा म्हणाल्या, "सॅम, आवाज वाढव की जरा."

"मावशी, आत येऊन बसा ना."

"नको रे, आत आले की तुझी लीना चहा ठेवणार. शेगडीपण विजेवरच आहे ना तुमची?"

*

पण खरी कमाल जुलैमध्ये. बेर्शेबाचं ऊन म्हणजे भट्टी. तीन घरांत तीन एसी कशाला जाळायचे? आम्ही पाळी लावली. रोज दुपारी एकाच घरात एसी, आणि सगळे तिथे जमणार. माझी इस्पितळात सकाळची ड्यूटी, म्हणून मीही दुपारी हजर. पत्ते, चहा, गप्पा. मावशींचा चेहरा मी इतका हसरा कधी पाहिला नव्हता.

बिल आलं, मावशींचं आजवरचं सगळ्यात कमी. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तिकडे हैफात एली ते बिल बघून घाबरला. आई उकाड्यात एसी बंद करून बसतेय, असं त्याच्या मनाने घेतलं. रजा टाकून त्याने गाडी पकडली.

भर दुपारी येऊन आईचं दार वाजवलं, तर कुणी उघडेना. आमचंही दार बंद. बिचारा धावत वर गेला आणि अंकलचं दार ढकललं.

आत आम्ही पाच जण रमी खेळत होतो. मावशी शाल पांघरून.

घामाने निथळत एली दारातच उभा राहिला. हिब्रूत म्हणाला, "इमा, सामान बांध. आजच हैफाला चल."

"आधी दार लाव. गारवा बाहेर चाललाय," मावशी मराठीत म्हणाल्या.

त्याने दार लावलं. जरा दम खाऊन, आठवेल तसं मराठीत म्हणाला, "माझ्याकडे दोन एसी आहेत, इमा. दिवसभर लाव. मी कधी विचारणार नाही."

मावशींनी हातातले पत्ते खाली ठेवले.

"आणि दुपारी तिथे असतं कोण?"

एली कोपऱ्यातली खुर्ची ओढून आला. अंकल थोडे सरकले आणि पुढचा डाव सहा जणांत वाटला.