खिंडीत न बसणारा सूर्य

मार्गशीर्षातली संध्याकाळ. अंधारून आलं तरी सून शेरडं घेऊन माळावरून उतरली नव्हती. आदल्याच दिवशी बिबट्यानं शेजारच्या वाडीतलं कुत्रं नेलं होतं.

मुलगा विंझरच्या दुकानातून येऊन पाय धूत होता. मी विचारलं, "तिला कवा फिरायचं म्हनून सांगितलंयस?"

"सूर्य खिंडीत बसला की शेरडं वळव म्हनलं हुतं. वैशाखात, लगीन झाल्यावर."

"मुडद्या, आता सूर्य खिंडीत बसतोय व्हय? डावीकडं थोरल्या डोंगराआड जातोय त्यो. पोरगी वाट बघत बसली असंल!"

सून बारावी शिकलेली, पण सपाट मुलखातली. उन्हाळ्यानंतर ती लावणी-कापणीतच गुंतली. माळावर पुन्हा त्याच दिवशी गेली होती. मोबाईल घरीच चार्जिंगला.

आम्ही मायलेक बॅटरी घेऊन चढलो. हाका मारल्या. उत्तर नाही.

वर शेरडं एकमेकांना चिकटून उभी होती. मध्ये सून, दोन्ही हातांत दगड.

"आत्या, म्होरं येऊ नगा," ती कुजबुजली. "करवंदीत हाय त्यो."

मुलानं बॅटरी मारली. दोन डोळे चमकले. मी काठी खडकावर आपटत तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. डोळे विझले. जाळी सळसळली, मग काहीच नाही. ते जास्त वाईट. घरापर्यंत कुणी मागं पाहिलं नाही.

पाणी पिऊन ती आधी नवऱ्यावर उखडली. मग लिंबात काडी खुपसली आणि ते तिरकं धरून दिव्याभोवती फिरवलं.

"पृथ्वी अशी कललेली. उन्हाळ्यात आपली बाजू दिव्याकडं, म्हनून सूर्य उत्तरंला मावळतो, दिस मोठा. आता आपली बाजू पल्याड कलली. सूर्य दक्षिणंला, दिस बारका, थंडी. परीक्षेत लिवलं हुतं म्या. माळावर ध्यानातच आलं न्हाई."

जन्मभर मी सूर्य सरकताना पाहिला. कललेलो आपण आहोत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"उद्यापास्नं मी जातो," मुलगा म्हणाला.

"तुमी दुकानात जावा. तुमची खूण बघितली म्या," सून म्हणाली. "आत्या, तुमी सांगा."

"थोरल्या डोंगराची सावली वढ्याला टेकली की वळव. आन् होळीला परत इचार, तवा ही खूण चालायची न्हाई."